पुढच्या बाँडपटाचे अंदाज बांधताय? या चुका टाळा

डॅनियल क्रेगचा शेवटचा बाँडपट 'नो टाइम टू डाय' २०२१ मध्ये आला आणि 'आता पुढचा जेम्स बाँड कोण?' हा प्रश्न तेव्हापासून नाशिकच्या चाहत्यांचा पिच्छा सोडत नाही. कॉलेज रोडला चहा पिताना, रविवारी मिसळीच्या टेबलावर, शेवटचा शो सुटल्यावर पार्किंगमधून गाड्या काढताना नावं घेतली जातात, पैजा लागतात. हे व्हायलाच हवं. दोन चित्रपटांमधली वर्षं चाहत्यांचीच असतात. ज्या जिल्ह्यात दादासाहेब फाळक्यांचा जन्म झाला, तिथे सिनेमावर तावातावाने बोलायचं नाही तर कुठे? त्रास सुरू होतो तो अंदाजाची बातमी झाली की. मग भलतीच नावं पसरतात, एखाद्या कुटुंबाला मनस्ताप होतो आणि होतकरू पोरांचे पैसेही बुडतात.

नायक आधी, बाकीचं नंतर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चित्रपट बनण्याचा क्रमच उलटा धरणं. आपल्याला नायक महत्त्वाचा वाटतो, म्हणून तोच आधी ठरला असणार असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात काय झालं ते तारखांनिशी पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये जुने निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकल जी. विल्सन यांनी बाँडपटांची सर्जनशील सूत्रं ॲमेझॉन एमजीएम या स्टुडिओकडे सोपवली आणि स्वतः सहमालक राहिले. मार्चमध्ये एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते जाहीर झाले. जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचं नाव आलं आणि जुलैच्या शेवटी पटकथेसाठी स्टीव्हन नाइट यांचं. म्हणजे निम्मा पावसाळा सरला तेव्हा कुठे लिहिणारा माणूस ठरला. त्याआधी फिरलेल्या 'अमुक नटाने करार केला' छापाच्या पोस्ट आता पुन्हा काढून वाचा. दिग्दर्शक ठरलेला नसताना नायकाशी करार कोण करणार, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी त्यातल्या निम्म्या पुढे गेल्या नसत्या.

आधीच्या नायकांच्या तारखाही कामाला येतात. टिमोथी डाल्टनचं नाव ऑगस्ट १९८६ मध्ये ठरलं आणि सप्टेंबरमध्ये चित्रीकरण सुरू झालं. पिअर्स ब्रॉस्ननची घोषणा जून १९९४ मधली, कॅमेरा फिरला तो जानेवारी १९९५ मध्ये. क्रेगला १४ ऑक्टोबर २००५ रोजी लंडनमध्ये पत्रकारांसमोर आणलं आणि जानेवारी २००६ मध्ये 'कसिनो रोयाल'चं चित्रीकरण सुरू झालं. घोषणा आणि चित्रीकरण यांत काही महिन्यांचंच अंतर राहत आलंय. म्हणून कुणी नाव सांगितलं की आधी विचारा, शूटिंग कधी आहे? आणि शूटिंगची तारीख सांगितली की दिग्दर्शकाचं वेळापत्रक बघा. व्हिलनव्ह यांच्या हातात आधी 'ड्यून'चा तिसरा भाग होता आणि त्याच्या प्रदर्शनाची तारीख डिसेंबर २०२६ ची दिली गेली होती. '२०२५ च्या दिवाळीत बाँडचं शूटिंग सुरू' असं सांगणारा फॉरवर्ड तिथल्या तिथेच पडतो.

'बोलणी सुरू आहेत' म्हणजे ठरलं नव्हे

यादीत नाव असणं, निर्मात्यांशी एकदा भेट होणं, स्क्रीन टेस्ट, मानधनाची बोलणी, सही आणि मग घोषणा, या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. फॉरवर्ड होता होता पहिली पायरी शेवटची होऊन जाते. मार्च २०२४ मध्ये ॲरन टेलर-जॉन्सनला भूमिका देऊ केल्याची बातमी एका ब्रिटिश टॅब्लॉइडने दिली. आपल्याकडे संध्याकाळपर्यंत 'नवा ००७ ठरला' म्हणून स्टेटस लागले. निर्मात्यांकडून मात्र कसलीही घोषणा नव्हती. इद्रिस एल्बाचं प्रकरण तर याहून लांबलं. २०१४ मध्ये सोनी कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि अंतर्गत ईमेल बाहेर आले. त्यात तेव्हा सोनीत अधिकारी असलेल्या एमी पास्कल यांनी 'पुढचा बाँड इद्रिस असावा' अशा अर्थाचं एक वाक्य लिहिलेलं होतं. एका अधिकाऱ्याची ती खासगी इच्छा होती. त्या एका वाक्यावर दहा वर्षं बातम्या चालल्या.

ब्रिटनमधल्या सट्ट्याचे भावही असेच फसवतात. भाव उतरला याचा अर्थ त्या नावावर पैसे जास्त लागले, एवढाच. पैसे लावणारेही तुमच्या-आमच्यासारखेच चाहते असतात आणि त्यांनी वाचलेली असते ती तीच अफवा. म्हणजे अफवेवरून भाव ठरतो आणि भावावरून पुन्हा बातमी होते. हे चक्र एकदा ओळखता आलं की 'सट्टाबाजाराने कौल दिला' या मथळ्याचं ओझं वाटेनासं होतं.

सही व्हायच्या आधी किती काय बिघडू शकतं, यासाठी ब्रॉस्ननची १९८६ ची गोष्ट प्रत्येक चाहत्याने लक्षात ठेवावी. तो तेव्हा 'रेमिंग्टन स्टील' या अमेरिकन मालिकेत होता. वाहिनीने मालिका बंद केली, पण ठरावीक मुदतीत ती पुन्हा सुरू करण्याचा हक्क करारात राखलेला होता. ब्रॉस्नन बाँड होणार, ही चर्चा सुरू झाली. त्या चर्चेने मालिकेच्या जुन्या भागांना प्रेक्षक वाढले, वाहिनीचा विचार बदलला आणि मुदत संपता संपता तिने मालिका परत सुरू केली. भूमिका डाल्टनकडे गेली. ब्रॉस्ननला १९९५ च्या 'गोल्डनआय'पर्यंत थांबावं लागलं. चर्चा जिच्याबद्दल होती ती भूमिकाच त्या चर्चेपायी हातची गेली. निर्माते घोषणेपर्यंत ओठ का शिवून बसतात, ते यावरून कळतं.

आणि घोषणा झाली तरी सगळं पक्कं होत नाही. पंचविसाव्या बाँडपटासाठी डॅनी बॉयल अधिकृतपणे जाहीर झाले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात कॅरी फुकुनागा आले. चित्रपटाची तारीख एप्रिल २०२० वरून सरकत सरकत २०२१ च्या सप्टेंबरअखेरीला गेली. आपल्याकडे 'अल्फा' या हिंदी हेरपटाची २५ डिसेंबर २०२५ ही तारीख जाहीर होऊन पुढे गेली. जाहीर झालेली गोष्टसुद्धा 'आजच्या घडीला' एवढं म्हणूनच सांगावी.

नकार आला की विषय संपला?

नाही, पण नकार म्हणजे होकार असंही नाही. 'स्पेक्टर' या बाँडपटाच्या आधी त्यातला नट ख्रिस्टोफ वॉल्ट्झ 'मी ब्लोफेल्ड (बाँडचा जुना शत्रू) नाही' असं ठामपणे सांगत होता आणि पडद्यावर तोच ब्लोफेल्ड निघाला. या उदाहरणानंतर चाहत्यांनी उलटंच गणित मांडलं, की ज्याने नाकारलं तोच असणार. गुपित राखायला दिलेला नकार आणि खराखुरा नकार बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतून कुठल्याच बाजूचा पुरावा मिळत नाही. नटाला प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न विचारला गेला आणि तो हसला, तर ते हसणंही पुरावा नव्हे.

तसंच मौनाचं. 'पठाण'चं चित्रीकरण २०२० च्या शेवटी सुरू झालं होतं आणि रीतसर घोषणा आली ती मार्च २०२२ मध्ये. तेव्हा 'घोषणा नाही म्हणजे काहीच चाललेलं नाही' असं म्हणणाराही चुकतो. अशा वेळी 'कळलेलं नाही' हे उत्तर द्यायला लाजू नये.

'बाँड ब्रिटिशच लागतो', 'पस्तिशीच्या आतलाच घेतात', असे नियम मांडणाऱ्यांनी जुनी यादी उघडावी. जॉर्ज लेझनबी ऑस्ट्रेलियन, ब्रॉस्नन आयरिश, आणि रॉजर मूरचा पहिला बाँडपट आला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.

यादी, ट्रेलर आणि नोंदणी

आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावर नाव दिसलं की ते खरं, अशी अनेकांची समजूत असते. तिथली माहिती वापरकर्तेही भरू शकतात आणि न आलेल्या चित्रपटांच्या याद्या वारंवार बदलतात. विकिपीडियावर निदान खालचा संदर्भ उघडून पाहता येतो, तो उघडा. यूट्यूबवरचे 'फर्स्ट ट्रेलर' बहुधा जुन्या चित्रपटांचे तुकडे आणि एआयने बनवलेले चेहरे जोडून केलेले असतात. मार्च २०२५ मध्ये यूट्यूबने असे ट्रेलर बनवणाऱ्या दोन मोठ्या चॅनेलांचं जाहिरातींचं उत्पन्न बंद केलं, इतका हा उद्योग वाढला होता. ट्रेलर स्टुडिओच्या किंवा निर्मितीसंस्थेच्या स्वतःच्या चॅनेलवर आहे का, एवढं पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

हिंदी हेरपटांच्या बाबतीत शीर्षक नोंदणीवरून फार घोटाळा होतो. निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षक आधीच राखून ठेवण्याची जुनी रीत आहे. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' या नावासाठी अनेक निर्मात्यांनी अर्ज केले. त्या प्रत्येक अर्जाचा चित्रपट होणार नव्हता. याउलट सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हा भक्कम कागद असतो. त्यावर चित्रपटाची लांबी मिनिटांत असते, त्यामुळे 'साडेतीन तासांचा आहे म्हणे' हा वाद तिथे मिटतो.

'आपल्या नाशिकात शूटिंग चाललंय'

हा आपला खास स्थानिक आजार. इगतपुरीच्या घाटात किंवा गंगापूर धरणाच्या काठी व्हॅनिटी व्हॅन दिसली की संध्याकाळी तिचा हेरपट होतो. ती जाहिरातीची, मालिकेची किंवा लग्नाआधीच्या शूटची असू शकते. परदेशी चित्रपटाचं युनिट भारतात आणायचं तर केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याची परवानगी लागते आणि ती इंडिया सिने हबमार्फत मिळते. एवढं मोठं युनिट गुपचूप येऊन गुपचूप जात नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे. नाशिकला खऱ्या लष्करी आणि संवेदनशील जागा आहेत. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, गांधीनगरला सैन्याच्या वैमानिकांचं, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, आणि नाशिकरोडला नोटांचा छापखाना. गांधीनगरवरून उडणारी हेलिकॉप्टर इथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातली असतात, पण बाहेरगावच्या चाहत्याला तीच 'ॲक्शन सीनची तयारी' वाटतात. कृपा करून अशा जागांचे फोटो किंवा व्हिडिओ 'सेट लीक' म्हणून काढू नका आणि ड्रोन तर मुळीच उडवू नका. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली प्रतिबंधित जागेचं छायाचित्रण हा गुन्हा ठरू शकतो, आणि 'आम्ही चाहते आहोत' हे उत्तर ठाण्यात चालत नाही. सिंहस्थ जवळ आला की गोदाघाटावर बॅरिकेड, क्रेन आणि बंदोबस्त दिसणारच. त्यालाही शूटिंग समजू नका.

आलेला व्हिडिओ तपासायचा असेल तर एखादी चौकट थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. गाड्यांच्या नंबर प्लेट, दुकानांच्या पाट्यांची भाषा, झाडं, माणसांचे कपडे पाहा. मे महिन्यातला म्हणून आलेल्या व्हिडिओत अंजनेरीचा डोंगर हिरवागार दिसत असेल तर तो पावसाळ्यातला आहे, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

खऱ्या माणसाची गोष्ट ठरवून टाकणं

'धुरंधर' हा हिंदी हेरपट यायच्या आधी त्यातला नायक म्हणजे मेजर मोहित शर्मा, असं चाहत्यांनी परस्पर ठरवलं. दिग्दर्शक आदित्य धर यांना जाहीरपणे तसं नसल्याचं सांगावं लागलं, आणि शहीद अधिकाऱ्याच्या आईवडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. ज्या घराने मुलगा गमावला त्या घराला आपल्या तर्कांमुळे असा त्रास होऊ नये. हेरपटातलं पात्र कुणा खऱ्या माणसावर बेतलेलं आहे असं वाटलं, तरी निर्माते सांगेपर्यंत त्या माणसाचं नाव आणि फोटो वापरू नका.

कास्टिंगच्या नावाखाली पैसे

बाकीच्या चुका सुधारता येतात, ही खिशाला आणि मनाला दोन्हीकडे लागते. मोठ्या हेरपटाची चर्चा तापली की 'नाशिकमधून नवे चेहरे हवेत' असे मेसेज फिरू लागतात. कालिदास कलामंदिरात किंवा साईखेडकर नाट्यगृहात हौशी नाटकं करणारी, राज्य नाट्य स्पर्धेत नाव काढलेली मुलंमुली त्यात अडकतात, कारण त्यांच्यात गुण असतात आणि संधीची वाट पाहून ती थकलेली असतात. आधी नोंदणी फी, मग पोर्टफोलिओ, मग 'कलाकार कार्ड', मग मुंबईतल्या हॉटेलचं बुकिंग. प्रत्येक वेळी रक्कम थोडी वाढते आणि दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचेही देतो.

खरा कास्टिंग डायरेक्टर ऑडिशनचे पैसे घेत नाही. काम देणारा कलाकाराला पैसे देतो, कलाकाराकडून घेत नाही. मेसेजमध्ये मोठ्या निर्मितीसंस्थेचं नाव असेल तर त्या संस्थेच्या अधिकृत पानावर जाऊन तशी जाहिरात आहे का पाहा. मेसेजमधल्या नंबरवर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, तो नंबर फसवणाऱ्याचाच असतो. आधार कार्ड, बँकेचा तपशील, ओटीपी आणि 'लूक टेस्ट'च्या नावाखाली मागितलेले खासगी फोटो देऊ नका. एकट्या मुलीला हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तर जाऊ नये, आणि घरच्यांनी तिला त्यावरून बोलूही नये. बोलणी बसतील या भीतीने मुली सांगत नाहीत आणि समोरच्याचं फावतं.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट उडवू नका.

चुकीचं पुढे पाठवलं गेलं तर

व्हॉट्सॲपवरचा मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, पण तोवर तो दहा ठिकाणी गेलेला असतो. म्हणून नुसता काढून गप्प बसू नका. ज्या ग्रुपवर टाकला, त्याच ग्रुपवर 'ही बातमी खरी नाही, निर्मात्यांनी असं काही सांगितलेलं नाही' असं स्पष्ट लिहा. ज्याने तुम्हाला पाठवला त्यालाही कळवा, पण चारचौघांत त्याची खरडपट्टी नको, वेगळा मेसेज करा. तो वयाने मोठा असेल, काका किंवा सर असतील, तर 'तुमच्याकडे हे कुठून आलं?' एवढं विचारलं तरी पुरतं. आणि पुढच्या वेळी नाव टाकायचं झालं तर दोन शब्द जास्त लिहा: 'माझा अंदाज'.