आरएनए एडिटिंग आणि कॅन्सर: या चुका टाळा

ट्यूमरच्या आरएनए-सेक डेटात (आरएनएचा क्रम वाचून मिळालेल्या) ए या बेसच्या जागी जी दिसला की लगेच 'एडिटिंग सापडलं' म्हणून नाचू नका. एडार१ हे एन्झाइम आरएनएमधल्या ॲडेनोसिनचं इनोसिन करतं आणि सीक्वेन्सिंगमध्ये ते जी म्हणून वाचलं जातं, हे खरं. पण मूळ डीएनएतच जी असेल तरी दिसणार तेच.

एक विद्यार्थी एक्सेल घेऊन आला. यादीत सगळ्यात वर एचएलए-ए, म्हणजे रोगप्रतिकारक टी-पेशींना पेशीची ओळख दाखवणाऱ्या प्रथिनाचं जीन. "सर, ट्यूमर एचएलए एडिट करून टी-पेशींना चकवतोय!" पेपरचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं. आयजीव्हीत (रीड डोळ्यांनी बघायचं सॉफ्टवेअर) उघडलं, तर ज्या रीडमध्ये, म्हणजे वाचलेल्या तुकड्यात, ए चा जी, त्याच रीडमध्ये पुढे सी चा टी, जी चा सी, टी चा ए. एडार१ अशी भेळ करत नाही. एचएलए माणसागणिक वेगळं. या रुग्णाचा अलील (त्याची जीनची आवृत्ती) रेफरन्स जीनोमशी जुळत नव्हता, एवढंच. त्याच रुग्णाच्या रक्ताचा डीएनए फ्रीजरमध्ये पडून होता, पण तो सीक्वेन्स करायला म्हणे वेळ नव्हता. पेपर लिहायला मात्र होता!

मी आधी चार बेसमधल्या बाराही प्रकारच्या फरकांचा (ए-जी, सी-टी वगैरे) तक्ता काढतो. ए-जी उठून दिसत नसेल, तर पुढची यादी उघडतच नाही. लायब्ररी स्ट्रँडेड नसेल (आरएनए डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून आला हे कळत नसेल) तर टी-सी सुद्धा त्यातच धरा. रीडच्या सुरुवातीचे सहा बेस बिनदिक्कत उडवा.

दुसरी डोकेदुखी: 'एडार१ वाढलं, म्हणजे ट्यूमर प्रतिकारशक्तीपासून लपतोय.' अहो, एडार१ चे पी११० आणि पी१५० असे दोन प्रकार; त्यातला पी१५० इंटरफेरॉन या प्रतिकारक संदेश-प्रथिनामुळेच वाढतो. ट्यूमरमध्ये टी-पेशी घुसल्या की इंटरफेरॉन येतं, मागोमाग पी१५०. कारण कुठलं, परिणाम कुठला, हे नुसत्या कोरिलेशनवरून कसं ठरवणार? पी११० आणि पी१५० वेगळे मोजा. लपण्याची खरी यंत्रणा दुहेरी आरएनएत आहे: एडिटिंगने त्याच्या जोड्या सैल पडतात आणि पेशीतला एमडीए५ हा दुहेरी आरएनए ओळखणारा पहारेकरी गप्प राहतो. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कामात उंदरांच्या ट्यूमरमधून एडार१ काढल्यावर पीडी-१ विरोधी उपचार (टी-पेशींचा ब्रेक काढणारे) लागू पडू लागले. तिथे जीन काढून बघितलं होतं, नुसता आलेख काढला नव्हता.

माणसात बहुतेक एडिटिंग अलू नावाच्या वारंवार येणाऱ्या तुकड्यांत होतं; उंदरात अलू नसतात. माणसातल्या अलूंचे निष्कर्ष तिथे चिकटवू नका.

आणि ८-अझाॲडेनोसिन 'एडार इनहिबिटर' (एडारला रोखणारं रसायन) म्हणून मागवू नका. एडार१ नसलेल्या पेशीही त्याने मरतात, हे २०२१ मध्येच दाखवलंय. नॉकआउट (जीनच काढून टाकणं) करायला वेळ लागतो, मान्य. तरी तोच करा.