मोठ्या टेक कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजरचा इंटरव्ह्यू: "आम्ही केलं" नको, "मी केलं" सांगा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्लॅनिंगला सात वर्षं काढून मी प्रोग्रॅम मॅनेजरच्या लाइनमध्ये आले. आता रविवारी कॉलेज रोडला ओळखीतल्या मुलामुलींची इंटरव्ह्यूची तयारी घेते. सातपूर-अंबडची बरीच जण पहिल्याच दिवशी म्हणतात की ताई आमचा अनुभव कारखान्यातला, तिकडे कोण विचारणार, आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं की अनुभव भरपूर आहे, तो सांगता येत नाहीये.

आधी जेडी, म्हणजे जाहिरातीतलं कामाचं वर्णन, नीट वाचा. प्रॉडक्ट मॅनेजर काय बनवायचं आणि का ते ठरवतो, प्रोग्रॅम मॅनेजर चार-पाच टीम्सचं काम एकत्र धरून वेळेत पार पाडतो, आणि पुढे "टेक्निकल" लागलं असेल तर सिस्टीम डिझाइनचे (सॉफ्टवेअरची रचना कशी कराल असे) प्रश्न येणार हे धरूनच चाला. नावावर जाऊ नका, मायक्रोसॉफ्टमध्ये कित्येक वर्षं प्रॉडक्टचं काम करणाऱ्यांनाच प्रोग्रॅम मॅनेजर म्हणायचे. रिक्रूटरचा पहिला फोन आला की सरळ विचारा, राउंड किती, कोण घेणार, टेक्निकल किती खोल जाणार. विचारलं तर ते बऱ्याचदा सांगतात.

साधारण रिक्रूटरचा कॉल, मग एक फोन किंवा व्हिडिओ राउंड, मग एकामागून एक चार-पाच राउंड, प्रत्येकी पाऊण ते एक तास. ॲमेझॉनला जाणार असाल तर त्यांची 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स वाचाच, प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतात, शिवाय एक जण बार रेझर (भरतीचा दर्जा राखणारा) म्हणून दुसऱ्याच टीमचा असतो आणि त्याच्या मताला वजन असतं.

आता मुख्य गोष्ट.

आपल्याकडे "मी केलं" म्हणणं बरं दिसत नाही, घरातून तसंच शिकवलेलं असतं. माझ्या पहिल्या मोठ्या इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी तीनदा विचारलं, यात तुम्ही स्वतः काय केलंत, आणि तिन्ही वेळा मी "आमच्या टीमने" असंच सुरू केलं. नकार आला. मला खूप लागलं ते, कारण काम खरंच मी केलं होतं. नंतर तीच गोष्ट अशी लिहून काढली: सप्लायरचा पार्ट 3 आठवडे उशिरा येणार हे मला मंगळवारी कळलं, मी त्याच दुपारी परचेस आणि क्वालिटीला एका टेबलावर बसवलं, दोन पर्याय मांडले, जुन्या पार्टवर पहिली बॅच काढायची किंवा लाँच पुढे ढकलायचा, मी पहिला सुचवला कारण जुना पार्ट आधीच टेस्ट झालेला होता, संध्याकाळपर्यंत प्लांट हेडचा होकार घेतला, आणि लाँच 3 आठवड्यांऐवजी 4 दिवस लेट झाला. यात टीमचं श्रेय कुठेही कमी होत नाही, फक्त निर्णय कुणाचा होता ते दिसतं. समोरच्याला तेवढंच तर बघायचं असतं.

अशा आठ-दहा गोष्टी वहीत लिहा. परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, निकाल काय, या क्रमाने, यालाच स्टार (सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट) म्हणतात. परिस्थितीवर दोन वाक्यांपेक्षा जास्त घालवू नका, सगळा वेळ तिसऱ्या भागाला द्या आणि शेवटी आकडा हवाच. एक गोष्ट भांडणाची ठेवा (दोन टीम्स अडून बसल्या तेव्हा काय केलंत), एक हातात अधिकार नसताना काम करून घेतल्याची, एक खऱ्या चुकीची. चुकीबद्दल विचारलं तर "मी फार परफेक्शनिस्ट आहे" असलं काही सांगू नका, लगेच कळतं.

दुसरा प्रकार काल्पनिक प्रश्नांचा. "प्रोजेक्ट 6 आठवडे मागे पडलाय, काय कराल?" यावर लगेच उपाय सांगत सुटू नका. आधी विचारा, तारीख हलू शकते का, कशामुळे मागे पडलं, कुणाचं काम कुणावर अडलंय. मग क्रिटिकल पाथ बघा, म्हणजे ज्या कामांना एक दिवस उशीर झाला की सगळंच एक दिवस पुढे जातं ती कामं. माझ्या मावसभावाला हे पुस्तकी भाषेत कळेना, त्याची पिंपळगावला एक्स्पोर्टच्या द्राक्षांची बाग आहे, मग मी त्याला म्हटलं की ऑक्टोबर छाटणीपासून कंटेनरपर्यंत मांड बघू. त्याने पाच मिनिटांत मांडलं. रेसिड्यूचा (फवारणीच्या औषधांच्या उरलेल्या अंशाचा) रिपोर्ट आल्याशिवाय एक्स्पोर्टची तोडणी नाही, तोडणीशिवाय पॅकहाउस नाही, आणि कॅरेट कधी आणायचे याला मात्र चार दिवस इकडेतिकडे चालतात. झालं, क्रिटिकल पाथ हाच. इंटरव्ह्यूत उदाहरण ऑफिसचंच द्या, पण समजून घ्यायला बाग उत्तम.

तारीख हलणारच नसेल तर? सिंहस्थ आठवा. 2015 ला झाला, आता 2027 चा, स्नानाची तारीख कुणासाठी पुढे जात नाही. मग उरतं काय, तर काम कमी करणं, माणसं वाढवणं किंवा जोखीम उघड मान्य करून वरती सांगणं. माणसं वाढवतो हे घाईने म्हणू नका, शेवटच्या टप्प्यात नवी माणसं घेतली की जुन्यांचा वेळ त्यांना शिकवण्यातच जातो. काय काढून टाकाल आणि ते कुणाला विचारून, हे सांगा.

इंग्रजीची भीती सोडा, छोटी वाक्यं चालतात. घरून इंटरव्ह्यू असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघा, लाइट कधीही जाते. पगाराचा आकडा आपण होऊन आधी सांगू नका, त्यांची रेंज विचारा, आणि शेअर्स मिळणार असतील तर ते किती वर्षांत हातात येणार तेही.

प्रत्येक राउंड संपला की त्याच संध्याकाळी सगळे प्रश्न वहीत उतरवा. नकार आला तरी बऱ्याच कंपन्यांत काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो, आणि तेव्हा ही वही लागते.