मे महिन्यात पुणे ते गोवा गाडीने : खाण्याच्या थांब्यांवरच्या या चुका टाळा

कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेने पुण्याहून पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. उन्हाळ्यात या रस्त्यावर माणूस आणि गाडी दोन्ही बिघडतात, आणि मूळ बहुधा थांब्यावरच असतं.

भरदुपारी कोल्हापुरात मटण थाळी चापून लगेच गाडी हातात घेणं ही सगळ्यात वाईट चूक. तांबडा-पांढरा रस्सा आणि वर भात झाला की दोन ते चारच्या दरम्यान डोळे मिटायला लागतातच. पहाटे पाचला निघा, नाश्त्यालाच कोल्हापूर गाठा आणि मिसळ खा. कट वेगळा मागा, म्हणजे तिखट आपल्या हातात राहतं. थाळीच खायची असेल तर चालवणाऱ्याने आधी वीस मिनिटं झोपावं, मग निघावं.

घरचा डबा नेताना ओल्या नारळाची चटणी नको. या उन्हात ती दुपारपर्यंतही टिकत नाही. पोळ्या गरम असतानाच डबा बंद केला, की झाकणाला आतून पाणी सुटतं, ते थेंब वरच्या पोळीवर गळतात आणि ती चिकट होऊन आंबते. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या पूर्ण गार करून फडक्यात गुंडाळा, सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी. उघड्यावरचा बर्फ घातलेलं ताक, सरबत टाळा. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून घोट घोट द्या.

थांब्यावर टायर तापलेले असतात, म्हणून हवा जास्त दिसते. ती काढू नका! टायर गार झाला की हवा कमी पडते, कडा दबून आणखी तापतात आणि टायर फुटतो. घरून निघण्यापूर्वीच, गार टायरमध्ये हवा भरा; आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दारापाशी लिहिलेला असतो.

आंबोली उतरताना दुसरा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. परतीच्या चढावर तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. तरी उतरला नाही तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

आणि येताना घेतलेली हापूसची पेटी तापलेल्या डिकीत नको, मागच्या सीटखाली पायांपाशी ठेवा.