जर्मनीत मास्टर्सला आलात? आधी क्रेडिटचा हिशेब समजून घ्या

दर ऑक्टोबरात पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणांहून नवी मुलं-मुली इथे मास्टर्सला येतात. पहिला महिना आन्मेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, आरोग्य विमा, बँकेचं खातं आणि खोली शोधण्यात जातो. त्याची माहिती देणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते पदवीच्या रचनेबद्दल. बॅचलर, मास्टर, सेमिस्टर, क्रेडिट हे सगळे शब्द आपण कॉलेजात रोज वापरलेले असतात. त्यामुळे इथलंही सगळं ठाऊकच आहे असं वाटतं, आणि नेमकी तिथेच हुशार मुलं अडकतात. इतक्या वर्षांत हे इतक्यांदा पाहिलंय, की आता सविस्तर लिहायलाच हवं.

मी आले तेव्हा जर्मन विद्यापीठांत दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालू होत्या. जुनी 'डिप्लोम'ची आणि नव्यानं आलेली बॅचलर-मास्टरची. डिप्लोम म्हणजे आपल्याकडचा डिप्लोमा नव्हे. ती साडेचार-पाच वर्षांची एकसलग पदवी होती आणि प्रत्यक्षात अनेकांना ती पुरी करायला त्याहून जास्त वेळ लागे. मध्ये 'फोरडिप्लोम' नावाची परीक्षा असायची, पण तिच्या जोरावर नोकरी मिळत नसे. म्हणजे तीन-चार वर्षं शिकून कुणी सोडलं, तर हाती काहीच नाही. इटली, फ्रान्स, स्पेन यांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. एका देशातली अर्धी पदवी दुसऱ्या देशात किती धरायची, हे ठरवायला सामायिक मापच नव्हतं.

ते माप तयार करायची सुरुवात मे १९९८ मध्ये पॅरिसच्या सोर्बोनमध्ये झाली. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चार देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी तिथे एक संयुक्त निवेदन केलं. पुढच्याच वर्षी, १९ जून १९९९ ला, इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. दोन टप्प्यांच्या पदव्या, त्यातला पहिला टप्पा किमान तीन वर्षांचा, सगळीकडे एकमेकांत मोजता येतील असे क्रेडिट, आणि विद्यार्थ्यांना एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याची मोकळीक, हा त्याचा गाभा. नंतर पीएचडी हा तिसरा टप्पा धरला गेला. आज या प्रक्रियेत जवळपास पन्नास देश आहेत, आणि त्यातले बरेचसे युरोपीय संघाचे सदस्यही नाहीत.

यातली एक गोष्ट तुमच्या रोजच्या कामाची आहे. बोलोन्या हा कायदा नाही, ती देशांनी आपखुशीनं केलेली कबुली आहे. त्यातून जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय, आणि राज्यं सोळा. राज्याच्या कायद्याच्या चौकटीत प्रत्येक विद्यापीठ आपापले नियम करतं. त्यामुळे आखनमधल्या मित्राला जे चाललं, ते तुम्हाला केमनिट्झमध्ये चालेलच असं नाही. बाहेरची चौकट सगळीकडे एक, आतले नियम ज्याचे त्याचे. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात तर इंजिनीअरिंगच्या काही शाखांत आजही डिप्लोम मिळतो, आणि वैद्यक व कायदा हे विषय जवळजवळ सगळीकडे राज्य परीक्षेच्या जुन्याच पद्धतीनं चालतात.

म्हणून सिनियरला विचारण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाची प्रुफुंग्सओर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, उघडा. ती जर्मनमध्ये असते आणि कंटाळवाणी असते, तरी भाषांतर करून पूर्ण वाचा. वर कोणत्या वर्षीची आवृत्ती आहे तेही बघा, कारण तुमच्या आधीच्या बॅचला जुनी आवृत्ती लागू असू शकते. सिनियर मनापासून सांगतो, पण तो त्याच्या नियमावलीतलं सांगतो.

त्या नियमावलीत सर्वांत आधी शोधायचं, ते परीक्षेला किती वेळा बसता येतं हे. आपल्याकडे एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळते, पुढच्या सेमिस्टरला पुन्हा बसतो, तेव्हाही राहिला तर आणखी पुढच्या. इथे तसं नाही. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात, काही ठिकाणी दोनच. सक्तीच्या विषयात शेवटची संधी गेली, की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही शिकता येत नाही. व्हिसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे 'बसून तर बघू, पेपरचा अंदाज येईल' म्हणून परीक्षेला जाऊ नका. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या. नाव नोंदवून गैरहजर राहिलात, तर नापास धरतात. आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लगेच प्रुफुंग्सआम्टला, म्हणजे परीक्षा विभागाला, पोचवा. आठवडाभरानं नेलेलं सहसा घेत नाहीत.

परीक्षेसाठी नाव स्वतःहून नोंदवावं लागतं, हेही नव्या मुलांच्या लक्षात राहत नाही. लेक्चरला वर्षभर बसलात तरी नोंदणीशिवाय पेपर देता येत नाही, आणि ती खिडकी काही विद्यापीठांत नोव्हेंबर-डिसेंबरातच बंद होते. निकालानंतर मात्र एक चांगली सोय आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका ठरलेल्या दिवशी जाऊन पाहता येते, गुण कुठे गेले ते विचारता येतं. संकोच करू नका, त्या दिवशी जरूर जा. दुसऱ्या संधीची तयारी तिथूनच सुरू होते.

आता क्रेडिट. युरोपात एक शैक्षणिक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, एक सेमिस्टर ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. वर्गातले तास नव्हेत, एकूण काम. सहा क्रेडिटचा विषय घ्या. क्रेडिटला ३० तास धरले तर १८० तास झाले. आठवड्याला चार तास वर्ग, असे चौदा आठवडे, म्हणजे ५६. उरलेले १२४ तास तुमचे एकट्याचे आहेत. डिफॉल्टर लिस्ट लागत नाही, जर्नल कुणी तपासत नाही, सबमिशनच्या सह्यांसाठी रांग नाही. लॅब आणि सेमिनार सोडले, तर बऱ्याच विषयांत हजेरीही नसते. हे स्वातंत्र्य नोव्हेंबरात सुखाचं वाटतं, आणि फेब्रुवारीत लक्षात येतं की ते १२४ तास कुठेच गेलेले नाहीत.

हाच हिशेब पूर्ण सेमिस्टरला लावा. ३० क्रेडिट म्हणजे ९०० तास. सेमिस्टर सहा महिन्यांचं, सव्वीस आठवडे, सुट्ट्या धरून. आठवड्याला साधारण ३५ तास अभ्यास होतो. त्यावर २० तासांची विद्यार्थी नोकरी घेतलीत तर ५५ तास झाले, आणि स्वयंपाक, कपडे, सरकारी पत्रव्यवहार वेगळाच. घरून शिक्षणाचं कर्ज काढून आलेल्या मुलांना नोकरीची घाई असते, ती मला पूर्ण समजते. पण पहिल्या सेमिस्टरला तरी नोकरी टाळा, किंवा अगदी थोड्या तासांची घ्या. कुणी चारऐवजी पाच सेमिस्टरमध्ये मास्टर्स संपवलं म्हणून कमी पडत नाही. तीस हा आराखड्यातला आकडा आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत चोवीस घेऊन नीट पास झालेलं चालतं. फक्त तुमच्या नियमावलीत पहिल्या वर्षासाठी किमान क्रेडिटची अट आहे का, तेवढं पाहून घ्या. निवासी परवाना वाढवतानाही परदेशी नागरिकांचं कार्यालय अभ्यासाची प्रगती बघू शकतं, म्हणून अगदीच मागे पडूनही चालत नाही.

हे ओझं जड आहे, असं वाटणारे तुम्ही पहिले नाही. २००९ मध्ये जर्मन विद्यार्थी याच कारणासाठी मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले होते. जुन्या व्यवस्थेतला मोकळेपणा गेला, पाच वर्षांचा माल तीन वर्षांत कोंबला, परीक्षाच परीक्षा झाल्या, अशी त्यांची तक्रार होती. त्यानंतर २०१० मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी नियम सैल केले. एक विषय शक्यतो पाच क्रेडिटपेक्षा लहान नसावा, त्याला शक्यतो एकच परीक्षा असावी, असं ठरलं. मला ती मुलं बरोबर वाटली होती. पण डिप्लोमचे जुने दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. नाशिकच्या मुलीला चार वर्षांच्या बीईनंतर थेट मास्टर्सला बसता येतं, ते या बदलामुळे फार सोपं झालंय. एकसलग पदवीच्या व्यवस्थेत तिला नेमकं कुठे बसवायचं, हाच वाद व्हायचा.

प्रवेशपत्रात 'आउफलागेन' हा शब्द दिसला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या बॅचलरमध्ये अमुक विषय कमी होते, ते इथे पुरे करा, अशी ती अट असते. हे क्रेडिट मास्टर्सच्या १२० मध्ये धरत नाहीत, ते वरचे असतात. त्यांना बहुधा वर्षभराची मुदत असते आणि ती चुकली तर प्रवेशच धोक्यात येतो. म्हणून ते विषय पहिल्या सेमिस्टरलाच उरका, मग आवडीचे पर्यायी विषय घ्या.

याच्या उलट, तिकडे शिकलेला एखादा विषय इथे मान्य करून घेता येतो का, तेही विचारा. विशेषतः एमएस्सी किंवा एमटेक अर्धवट सोडून आला असाल तर. इथे निकष वर्षांचा किंवा नावाचा नसून आशयाचा आहे. १९९७ च्या लिस्बन करारात तत्त्व असं ठरलं, की दोन अभ्यासांत मोठा फरक असेल तरच मान्यता नाकारायची, आणि तो फरक दाखवायची जबाबदारी विद्यापीठाची. भारत या करारात नाही, पण अनेक जर्मन राज्यांच्या कायद्यांत परदेशी अभ्यासासाठी हाच निकष आहे. त्यासाठी नुसती मार्कशीट पुरत नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस लागतो: प्रकरणं, तास, संदर्भग्रंथ. तो तुमच्या वर्षीचा, विद्यापीठाच्या शिक्क्याचा हवा. तिकडे असतानाच मिळवला असेल तर उत्तम, नसेल तर घरच्यांना आत्ताच कॉलेजात पाठवा. सिलॅबस बदलला की जुना मिळवायला फार फेऱ्या माराव्या लागतात.

भारतीय क्रेडिटचा मनानं गुणाकार करू नका. आपल्या नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि एक क्रेडिट ३० तासांचा, म्हणजे वर्षाला १२०० तास. युरोपात वर्ष १५०० ते १८०० तासांचं. म्हणून बीईचे १६० क्रेडिट म्हणजे इथले १६० नव्हेत, पण अमुकच होतात असंही तुम्ही लिहून द्यायचं नाही. भारतीय आकडा जसाच्या तसा लिहा आणि क्रेडिटची व्याख्या सांगणारं विद्यापीठाचं पान जोडा. रूपांतर करणं हे त्यांचं काम.

गुणांचं तसंच. इथे १.० सर्वांत वर आणि ४.० म्हणजे काठावर पास. भारतीय गुण बदलायला एक सूत्र वापरतात, त्यात पास होण्याची किमान श्रेणी महत्त्वाची ठरते. ८.२ सीजीपीए असेल आणि किमान ४ धरले तर १.९ येतात, किमान ५ धरले तर जवळजवळ २.१. प्रवेशाची किंवा शिष्यवृत्तीची रेघ २.० वर असेल, तर एवढ्यावर सगळं फिरतं. किमान श्रेणी किती, याचं विद्यापीठाचं पत्र जवळ ठेवा, आणि मागून येणाऱ्या भावंडांनाही एपीएसच्या, म्हणजे जर्मनीसाठी भारतीय पदव्यांची पडताळणी करणाऱ्या केंद्राच्या, कागदांबरोबरच ते घ्यायला सांगा.

शेवटच्या सेमिस्टरला बहुतेकांचा ३० क्रेडिटचा प्रबंध असतो, साधारण सहा महिन्यांचा. तो कंपनीत करायचा बेत असेल, तरी विद्यापीठातला प्राध्यापक आधी होकार देणारा हवा, आणि ठरावीक क्रेडिट जमल्याशिवाय परीक्षा विभाग प्रबंधाची नोंद करत नाही. कंपनीशी करार करण्याआधी ही दोन्ही कामं करा. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला दीड वर्षाचा परवाना मिळतो. प्रमाणपत्र छापून यायला कधी कधी महिने जातात, तेव्हा सगळे विषय पूर्ण झाल्याचं तात्पुरतं पत्र परीक्षा विभागाकडून आधीच मागून घ्या आणि ते घेऊन परवान्याची वेळ ठरवा. प्रमाणपत्रासोबत डिप्लोमा सप्लिमेंट नावाची पुरवणीही येते, तिच्यात तुमच्या पदवीची पातळी, विषय आणि जर्मन व्यवस्था इंग्रजीत समजावलेली असते. उद्या नेदरलँड्सला किंवा परत पुण्याला जायचं ठरलं, तर प्रमाणपत्राइतकीच ती लागते. तिच्यात नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी तपासा.