कामाच्या जागी एआय बसवताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी कारखान्यांत आणि ऑफिसांत एआयची साधनं बसवून देतो. गाव बदलतं, साधन बदलतं, चुका त्याच. त्यातली एक इतकी महागात पडते की आधी तीच सांगतो.

मशीनला 'नाही' म्हणणं अवघड करून ठेवणं

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या लाइनवर कॅमेरा बसवला होता. कॅमेरा फोटो काढणार, मॉडेल (फोटो बघून निर्णय देणारं एआय) 'ओके' की 'रिजेक्ट' सांगणार आणि शेवटचा शब्द तपासणीला बसलेल्या माणसाचा, असं ठरलेलं. पण मशीनचा निर्णय फिरवायचा तर स्क्रीनवरच्या 14 कारणांतून एक निवडायचं, सुपरवायझरची मंजुरी घ्यायची. वर कोणी किती वेळा निर्णय फिरवला, तो आकडा महिनाअखेरीला त्याच्या नावापुढे लागायचा. आणि भाग दर 8 सेकंदांनी समोर येतोय.

पहिल्या आठवड्यात लोकांनी भरपूर निर्णय फिरवले. तेलाचा पातळ थर ट्यूबलाइटखाली चमकला की मॉडेल त्याला ओरखडा समजायचं. लाइनवरच्या ताई कॉटन वेस्टने भाग पुसायच्या आणि ओके करायच्या. तिसऱ्या आठवड्यात फिरवलेल्या निर्णयांचा आकडा शून्यावर आला. मॉडेल अचूक झालं म्हणून मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. भोकाच्या आतल्या कडेला बर (धातू कापताना राहणारी बारीक, टोचरी धार) राहिली होती आणि वर बसवलेल्या कॅमेऱ्याला ती दिसतच नव्हती.

ताईंना विचारलं. त्यांनी एक भाग उचलला, भोकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "साहेब, ही कधीपासून लागतेय हाताला. पण मशीन ओके म्हणतं. त्याला खोटं पाडायचं तर चार भाग पुढे निघून जातात, आणि वर माझ्याच नावावर चूक लागते."

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली आहे. निर्णय फिरवायला एकच बटण, कारण विचारायचं नाही, आकड्यापुढे नाव नाही. फिरवलेले भाग लाल ट्रेमध्ये टाकायचे आणि शिफ्ट सुटताना दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून हातात घेऊन बघायचे. मॉडेल सुधारायला त्या ट्रेइतका चांगला डेटा मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. आकडा शून्य दिसला की मी तडक लाइनवर जातो. टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत बोलावू शकतो, आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. एआयच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात अशी दोरी हवीच.

सहीपुरता माणूस

"आमच्याकडे शेवटी माणूसच बघतो," असं ऑफिसवाले छातीठोकपणे सांगतात. एके ठिकाणी नोकरीचे अर्ज मशीन चाळायचं आणि एक मुलगी ते मंजूर करायची, तासाला 150. म्हणजे एका अर्जाला 24 सेकंद. एवढ्या वेळात अर्ज वाचून होत नाही, मशीनच्या उत्तराखाली टिचकी तेवढी मारून होते. ज्याला थांबून बघायला वेळ दिलेला नाही, त्याच्या नावावर जबाबदारी टाकणं मला अन्याय वाटतो. मी तिथे मशीनचं मत आधी दाखवणंच बंद करायला लावलं. तिने आधी स्वतः ठरवायचं, मग मशीनचं उत्तर उघडायचं. वेग निम्म्यावर आला, साहेब नाराज झाले, पण मी मागे हटलो नाही.

जुना डेटा म्हणजे सत्य, हा समजही सोडा. अॅमेझॉनने भरतीसाठी बनवलेलं साधन गुंडाळल्याची बातमी 2018 साली आली. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर ते शिकलं होतं. त्यात पुरुषच जास्त, म्हणून 'विमेन्स' शब्द असलेले अर्ज ते खाली ढकलायला लागलं होतं.

"एआयने सांगितलं" हे उत्तर ग्राहकाला देऊ नका. चॅटबॉटने तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, हा बचाव तिथे टिकला नाही.

माणसांचे चेहरे वाचून मूड ओळखणारी साधनं विकत घेऊ नका. युरोपीय संघाने 2 फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या जागी त्यांवर बंदी घातली आहे. वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तेवढाच अपवाद.

लाइनवर मराठी-हिंदी चालते, तर ट्रेनिंग इंग्रजी स्लाइडवर देऊ नका.

एआयमुळे वाचलेला सगळा वेळ लगेच टार्गेट वाढवण्यात घालू नका. एकदा तसं झालं की पुढच्या साधनाला लोक मनापासून हात लावत नाहीत.

आणि घाई. "दोन दिवसांत पायलट (चाचणी) उरका, पुढचं पुढे बघू," म्हणणारी नवी मंडळी दर महिन्याला भेटतात. तशी कामं मी घेत नाही. ज्यांच्या हातात साधन जाणार, त्यांच्या शेजारी प्रत्येक पाळीत एकदा तरी पूर्ण वेळ बसतो, रात्रपाळी धरून. चाकणच्या त्या लाइनवर रात्री गोडाऊनचं शटर उघडं असायचं आणि वळणाऱ्या ट्रकचे दिवे थेट कॅमेऱ्याखालच्या भागांवर पडायचे. रात्री रिजेक्ट का वाढतं, हे रात्रपाळीच्या पोरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.