शिकेकाईचे पाणी आणि मसुराचे उटणे: घरी करण्याची रीत

कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत उटणे दिवाळीच्या पहाटेपुरतेच डब्यातून बाहेर निघते आणि शिकेकाई तर आजीबरोबरच गेली, असे म्हणावे लागते. या दोन्ही वस्तू वर्षभर वापरता येतात. त्या नीट केल्या मात्र पाहिजेत. घाईत, अंदाजपंचे केलेल्या लेपाने अंगाची आग झाली, की दोष बिचाऱ्या डाळीला आणि हळदीला लागतो, म्हणून प्रमाण आणि रीत सविस्तर देत आहे.

आधी शिकेकाई. तयार भुकटीपेक्षा अख्ख्या शेंगा घ्याव्यात, कारण भुकटीचे बारीक कण केसांत अडकून राहतात आणि ते काढता काढता केस तुटतात. खांद्याखालपर्यंत केस असणाऱ्या व्यक्तीच्या दोन धुण्यांसाठी 50 ग्रॅम शिकेकाई, बिया काढलेले 8 ते 10 रिठे, 25 ग्रॅम वाळलेला आवळा आणि दोन चमचे मेथीदाणे पुरतात. हे सर्व धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावे. सकाळी मंद आचेवर पाणी दोन तृतीयांश होईपर्यंत उकळावे, कोमट झाल्यावर शेंगा हाताने चांगल्या कुस्करून मलमलच्या कापडातून दोनदा गाळावे. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत आवळ्यातील टॅनिन हा तुरट घटक लोहाशी मिळून पाणी काळे पडते. केस काळेभोर दिसावेत म्हणून काही जण मुद्दाम लोखंडी कढई घेतात, परंतु त्या पाण्याने पंचाला आणि नखांना डाग पडतात, हे ध्यानात ठेवावे.

रिठा आणि शिकेकाई यांतील सॅपोनिन या घटकामुळे फेस येतो आणि तेल सुटते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा साका केसांवर बसतो, तसा या पाण्याचा बसत नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांना हा लाभ पहिल्याच धुण्यात जाणवतो. शॅम्पूसारखा भरपूर फेस मात्र अपेक्षू नये आणि डोळे घट्ट मिटूनच डोके धुवावे, कारण रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. उरलेले पाणी फ्रिजमध्ये तीन दिवसांपर्यंत ठेवावे. वास बदलला तर ते टाकून द्यावे.

धुण्याच्या तासभर आधी खोबरेल तेल लावावे. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. कोंडा असणाऱ्यांनी मात्र तेल रात्रभर ठेवू नये. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच वाढते.

त्वचेसाठी मसूर डाळ कोरडीच मंद भाजून, अगदी बारीक दळून, वस्त्रगाळ करावी. चार चमचे पिठात एक चमचा तांदळाचे पीठ आणि पाव चमचा आंबेहळद मिसळली की रोजचे उटणे झाले. चंदन, वाळा, नागरमोथा, गवला कचोरा हे काष्ठौषधींच्या दुकानातून आणता येतात. सुगंध त्यांनी येतो, पण मळ काढण्याचे काम पीठच करते. आंबेहळदीऐवजी जेवणातली हळद घातली आणि ती थोडी जरी जास्त झाली तरी चेहरा आणि टॉवेल दोन्ही पिवळे होतात. त्वचा कोरडी असेल तर हे उटणे सायीत किंवा दुधात, तेलकट असेल तर ताकात भिजवावे. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध पिण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे, परंतु चेहऱ्याला लावायचे दूध तापवून थंड केलेलेच घ्यावे. म्हशीच्या दुधाची साय फार स्निग्ध असल्याने मुरुमे येणाऱ्यांनी ती टाळावी. लेप ओलसर असतानाच, न घासता, बोटांनी फिरवत धुऊन काढावा. पूर्ण वाळू दिल्यास कातडी ताणली जाते.

लिंबाचा रस चेहऱ्याला लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि त्याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. माझ्या धाकट्या बहिणीने तो लावून भर दुपारी बाहेर काम केले. दोन दिवसांत गालावर तांबूस चट्टे उठले आणि त्यांचे काळपट डाग जायला कित्येक महिने लागले. लिंबू अतिशय आम्ल असते, शिवाय उन्हात त्यातील काही द्रव्यांची त्वचेवर दाहक प्रक्रिया होते. खाण्याचा सोडा याच्या उलट अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा घालवतो. हे दोन्ही स्वयंपाकातच राहू द्यावेत.

कोणतेही मिश्रण पहिल्यांदा वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून 24 तास वाट पाहावी. आषाढ-श्रावणात आपल्याकडच्या दमट हवेत पिठाला ओल धरते आणि किडे होतात, म्हणून उटणे एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दळावे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या चमच्यानेच काढावे. जखम, गजकर्ण किंवा चिघळलेली मुरुमे असतील तर यांपैकी काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.