फिशफाइंडरची स्क्रीन वाचायची कशी

मालवण, हर्णै कुठंही बोटीवर नवीन फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) लावला की लोक आधी स्क्रीनवरचे रंग बघत बसतात, पण आवाज पाण्यात कसा जातो ते कळलं की अर्धं काम झालं. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर पळतो, हवेत फक्त ३४० च्या आसपास. म्हणजे आवाज तळाला आपटून ४० मिलिसेकंदात परत आला तर खोली ३० मीटर, म्हणजे साधारण १६ वाव, कारण जाणं आणि येणं दोन्ही त्यात आलं.

खाडीत, किनाऱ्याजवळ आवाजाची फ्रिक्वेन्सी २०० किलोहर्ट्झ लावा, चित्र बारीक दिसतं. खोल गेलात की ५० वर या, कारण जास्त फ्रिक्वेन्सीचा आवाज पाणी लवकर शोषून घेतं, पण ५० चा झोत रुंद पसरतो म्हणून बाजूचा मासाही बोटीखालीच असल्यासारखा दिसतो, हे लक्षात ठेवाच.

आता मुख्य गोष्ट. मासा दिसतो तो बहुतेक त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, आवाज हवेवर जोरात आपटतो. मुशीला (शार्कला) ती पिशवी नसते, म्हणून मोठी मुशीसुद्धा फिकी दिसते! खडपाचा तळ ठळक, कधी खाली दुसरी रेघही येते, चिखल आवाज शोषतो त्यामुळे रेघ मऊ येते.

स्क्रीनच्या वरच्या भागात दिसणारा सगळा कचरा म्हणजे मासे नाहीत, लाटांचे बुडबुडे आवाज विखुरतात. गेन (यंत्राची संवेदनशीलता) वाढवत न्या, ठिपके पसरले की थोडा कमी करा. आणि सेन्सर, म्हणजे आवाज सोडणारा-ऐकणारा भाग, बोटीच्या पंख्याच्या फेसापासून लांबच बसवा.